मदत हवी आहे: २०१३ ची सेकंड हँड एम५ घ्यावी का?

मंडळी, पुण्यात दिल्ली पासिंगची बीएमडब्ल्यू एम५ बघून आलो. २०१३ चं मॉडेल, ४.४ लिटर व्ही८, ट्विन टर्बो, ५६० हॉर्सपॉवर. नवी असताना कोटीच्या पुढची गाडी, आता मालक ३६ लाख मागतोय. दिल्लीत पेट्रोल गाडीवर १५ वर्षांच्या मर्यादेची टांगती तलवार असते, त्यामुळे तिथून भाव पडतो हे कळतं. पण इथे पासिंग करताना एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि रोड टॅक्स पुन्हा आपल्याच खिशातून.

पैसे बुडण्यापेक्षा धास्ती इंजिनाची जास्त आहे. दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसतात, त्या उष्णतेने होज (रबरी नळ्या) आणि सील कडक होतात. ऑईल लांबलेल्या अंतराने बदललं असेल तर रॉड बेअरिंगचं (पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं बेअरिंग) काय झालं असेल? सर्व्हिस हिस्ट्री फक्त २०१९ पर्यंतची आहे. मागच्या टायरवर १९१७ छापलंय, म्हणजे २०१७ चा एकोणिसावा आठवडा. पुढच्या ब्रेक डिस्कच्या कडेवरून नख फिरवलं तर चांगलीच धार लागली, म्हणजे डिस्क झिजलीय. थंड इंजिन सुरू करून त्याचा आवाज ऐकायचा होता, पण मी पोचलो तेव्हा गाडी आधीच गरम करून ठेवलेली. हे मला अजिबात आवडलं नाही.

ज्यांनी ही गाडी स्वतः सांभाळलीय त्यांनी कृपया सांगा: घेण्याआधी ऑईलचा नमुना लॅबमध्ये तपासून घेतला तर बेअरिंगची झीज खात्रीने कळते का? आणि डिस्क, टायर, इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) धरून पहिल्या वर्षासाठी किती रक्कम बाजूला ठेवावी? रविवारपर्यंत मालकाला उत्तर द्यायचंय.