कारवानी कुत्रा अजिबात ऐकत नाही, मारायचं नाहीये पण वचक कसा ठेवायचा?

सर्जाची_आई (पुणे)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

आमच्याकडे १० महिन्यांचा कारवानी नर आहे, नाव सर्जा. मामेभावाने लातूरकडून आणून दिला तेव्हा दोन महिन्यांचा होता, मांडीवर मावायचा, आता मागच्या दोन पायांवर उभा राहिला की माझ्या खांद्यावर हात टाकतो. टू बीएचके फ्लॅट, घरात मी, नवरा, सासूबाई आणि ६ वर्षांची मुलगी. जीव लावणारा आहे हो, मुलगी शाळेतून यायच्या वेळेला दाराशी जाऊन बसतो. पण ऐकणं म्हणून नाही.

फिरायला नेलं की इतका ओढतो की माझा खांदा दुखावलाय. दोनदा पट्ट्यातून डोकं काढून पळाला. मागच्या रविवारी टेकडीवर मोकळं सोडलं तर काहीतरी पळताना दिसलं आणि गेला, चाळीस मिनिटं आम्ही हाका मारतोय, शेवटी आपणहून परत आला तेव्हा नवऱ्याने रागाच्या भरात दोन फटके दिले. तेव्हापासून हाक मारली की दहा फुटांवर येऊन थांबतो आणि नुसता बघतो, हाताला लागत नाही.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती खाण्याच्या वेळेची. कोणीतरी सांगितलं की कुत्रा जेवत असताना मधेच भांडं काढून घ्यायचं म्हणजे त्याला कळतं मालक कोण. नवऱ्याने तसं महिनाभर केलं. आता भांड्याजवळून नुसतं कोणी गेलं तरी गुरगुरतो, आणि घरात लहान मूल आहे.

मग एक ट्रेनर बोलावले. त्यांनी सांगितलं चेन कॉलर घाला आणि गुरगुरला की पाठीवर पाडून दाबून धरा, तो सैल पडेपर्यंत सोडायचं नाही. आम्ही दोनदा केलं. दुसऱ्या वेळी त्याने तिथेच शू केली आणि नंतर संध्याकाळपर्यंत पलंगाखालून बाहेर आला नाही. मला रात्रभर झोप लागली नाही.

न कळलेली गोष्ट म्हणजे तो सासूबाईंचं ऐकतो. त्या त्याला फिरवत नाहीत, खायलाही घालत नाहीत. एकदाच म्हणतात "थांब", की थांबला. मी दहा वेळा ओरडते तर ढिम्म.

नातेवाईक म्हणतात गावाला परत पाठवून द्या. मला द्यायचा नाहीये. न मारता पण ठामपणे कसं वागायचं ते सांगा.

शिवार_उदगीर

ताई, आधी एक सांगतो, सर्जा हट्टी नाहीये, तो कारवानी आहे. आमच्या घरात तीन पिढ्या ही कुत्री आहेत म्हणून बोलतोय. या कुत्र्याचं काम काय होतं बघा, ससा दिसला की सुटायचं, माणूस मागे कुठल्या कुठे राहणार, कुठे वळायचं कुठे झडप घालायची हे त्याचं त्यानेच ठरवायचं. जर्मन शेफर्ड दर मिनिटाला मालकाच्या तोंडाकडे बघतो कारण त्याला माणसासोबत काम करायला घडवलंय. कारवानी लांब बघतो. त्यामुळे तुम्ही म्हणाल ते तो ऐकतो पण आधी विचार करतो, आणि तेवढ्यात आपण दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा ओरडून मोकळे होतो.

पट्ट्याचं म्हणाल तर चूक कुत्र्याची नाही, पट्ट्याची आहे. या जातीचं डोकं निमुळतं असतं, मान आणि डोकं जवळपास सारख्याच जाडीचं, साधा पट्टा मागे ओढला की सरकन निघतो. मार्टिंगेल कॉलर मिळते, कापडी रुंद घ्या, ओढलं की थोडीच आवळते आणि ठराविक मापापुढे आवळत नाही. चेन काढून टाका आजच. अंगावर केस बारीक, कातडी पातळ, त्या चेनने मानेला जखम होते.

टेकडीवर मोकळं सोडू नका. मोर, ससे असतात तिथे, आणि सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, कुत्र्याने केली तरी निस्तरायचं तुम्हालाच. पण पळायला मिळालंच पाहिजे त्याला. ओळखीत कोणाचा कंपाउंड असलेला प्लॉट, बंद ग्राउंड काहीही बघा, सकाळी पंधरा-वीस मिनिटं मनसोक्त पळाला तर निम्मा त्रास कमी होईल. फ्लॅटमध्ये दिवसभर झोपतील ही कुत्री, पण आधी पळून आली पाहिजेत.

आणि मारू नका. आमच्या आजोबांना कुत्र्यावर काठी उगारताना मी कधी बघितलं नाही. एकदा मारलं की हे कुत्रं महिना-महिना लांब राहतं.

रॉटी_नाशिक

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. माझ्याकडे ४ वर्षांचा रॉटवायलर आहे, ५० किलोचा, त्याला लहानपणापासून अल्फा कोण हे दाखवलंय म्हणून आज सोसायटीत कोणाला त्रास नाही. आधी आपण जेवायचं मग तो, दारातून आधी आपण मग तो, सोफ्यावर अजिबात नाही. कुत्रा म्हणजे लांडगाच, कळपात एकच प्रमुख असतो, तुम्ही नाही झालात तर तो होणार. घरात लहान मूल आहे म्हणून जास्त काळजी वाटते, इथे लाड करून चालणार नाही.

व्हेट_परभणी

दादा, तुमचा रॉटी शहाणा आहे कारण तुम्ही चार वर्षं रोज तेच नियम पाळले, दारातून आधी तुम्ही गेलात म्हणून नाही. नियम ठेवायला माझी पूर्ण सहमती. पण त्या अल्फाच्या गोष्टीचं मूळ काय आहे ते सांगते, कारण त्यापायी खूप कुत्री खराब झालेली मी बघते.

१९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणीसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण मांडलं. एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात ठेवले की मारामाऱ्या होणारच, त्यातून "अल्फा"ची कल्पना आली. पुढे डेव्हिड मीच यांनी १९७० च्या त्यांच्या पुस्तकात ती वापरली आणि ती जगभर गेली. मग याच मीच यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. कोणी कोणाला हरवून प्रमुख होत नाही, आई-बाप असतात म्हणून पिल्लं मागे चालतात. आणि कुत्रा हजारो वर्षं माणसाबरोबर राहून लांडग्यापेक्षा वेगळा झालाय तो भाग आणखी वेगळाच.

ताई, पाठीवर पाडून दाबल्यावर तो सैल पडला ते ऐकायला लागला म्हणून नाही, घाबरून गोठला. शू होणं ही त्याचीच खूण. अशा वेळी कुत्र्याने तोंडाला चावल्याच्या केसेस येतात आमच्याकडे, कारण आपला चेहरा नेमका तिथेच असतो. हे परत करू नका.

गुरगुरणं दाबू नका हेही सांगते. गुरगुरणं म्हणजे तो तुम्हाला आधी सांगतोय. त्यासाठी मार बसला तर सांगणं बंद करतो आणि सरळ चावतो. मुलगी आणि जेवणारा कुत्रा एका खोलीत नको, दार लावून जेवू द्या, यात एक दिवसही सूट नको. आणि एकदा डॉक्टरकडे तपासून घ्या, कान, दात, सांधे, गोचीड तापासाठी रक्त. दुखत असलेला कुत्रा चिडचिडा होतो आणि आपण त्याला उद्धट समजतो. रेबीजची लस वेळेवर आहे ना तेही बघा.

निवृत्त_हवालदार (सातारा)

ताई, मी आर्मीत डॉग हँडलर होतो, मेरठच्या आरव्हीसी (सैन्याचं पशुवैद्यकीय दल) सेंटरला ट्रेनिंग झालं. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, सासूबाई. त्या काय करतात ते दोन दिवस नुसतं बघा.

मी पैजेवर सांगतो, त्या एकदाच बोलतात. आवाज चढवत नाहीत. बोलल्यावर गप्प उभ्या राहतात आणि तो थांबेपर्यंत जागा सोडत नाहीत. आणि आज एक उद्या दुसरं असं करत नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत तो येतो का? माझा अंदाज आहे येत नसणार, कारण पहिल्या दिवसापासून एकदाही येऊ दिलं नसेल. आता सोफ्याचं विचारतो, रविवारी टीव्ही बघताना वर घेता आणि सोमवारी पाहुणे आले की हाकलता, असंच ना? मग कुत्र्याने काय समजायचं. वचक म्हणतात तो हाच, भीती नव्हे. उद्याही हेच होणार याची त्याला खात्री पाहिजे.

दुसरं, तुमच्या घरातली भाषा. "बस" म्हणजे खाली बस आणि "बस!" म्हणजे पुरे झालं, दोन्ही आपण म्हणतो. "ये सर्जा" म्हणून बोलावतो आणि "ए सर्जा!" म्हणून दरडावतो, कुत्र्याच्या कानाला दोन्ही एकच. मुलगी इंग्लिश शाळेतली, ती "सिट" म्हणत असेल, नवरा "खाली" म्हणत असतील. आज रात्री सगळ्यांनी बसून चार-पाच शब्द ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजला लावा. एका कामाला एकच शब्द. शब्द एकदाच म्हणायचा, मनात पाच मोजायचे. केलं तर लगेच चिकनचा तुकडा, नाही केलं तर ओरडायचं नाही, शांतपणे जवळ जाऊन मदत करून करवून घ्यायचं. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं, जास्त नाही, ही जात लवकर कंटाळते.

बोलावण्याचा जुना शब्द टाकून द्या, तो फटक्यांना चिकटलाय. नवीन घ्या, शिट्टी घ्या किंवा गावाकडची "यू यू यू" घ्या. पहिला आठवडा घरातच, दोन पावलांवरून, येईल त्या प्रत्येक वेळी त्याची सगळ्यात आवडती वस्तू, आणि लगेच परत मोकळं सोडायचं. आपण बोलावतो आणि साखळी लावतो म्हणून येत नाहीत कुत्री. मग बाहेर १० मीटरची दोरी, पण ती हार्नेसला (छातीभोवती बांधायचा पट्टा), मानेला नाही, कारण हा कुत्रा दोन उड्यांत वेग पकडतो आणि दोरी संपली की मानेला हिसका बसतो. आणि चाळीस मिनिटांनी येऊ दे नाहीतर दोन तासांनी, आल्यावर शाबासकीच. कितीही राग आलेला असो. फटका बसला की त्याच्या हिशोबात तो परत आल्याबद्दल बसतो.

ओढला की तुम्ही थांबा. झाडासारखं. दोरी सैल झाली की चाला. पहिले चार दिवस गेटपर्यंत जायला वीस मिनिटं लागतील, लागू द्या, ऑफिसची घाई असेल त्या दिवशी हे करू नका, दुसऱ्या कोणाला पाठवा.

भांडं काढून घेणं कायमचं बंद. उलट तो जेवत असताना त्याचं अंग ताठ होत नाही एवढ्या लांबून जायचं, भांड्यात आहे त्यापेक्षा भारी तुकडा त्याच्याकडे टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. रोज थोडं जवळून. माणूस आला म्हणजे काहीतरी मिळतं, जात नाही, हे पक्कं व्हायला आठवडे लागतात. मुलीला यात घेऊ नका.

आमच्याकडे नवीन कुत्रा मिळाला की सुरुवातीला काही शिकवायच्या आधी हँडलरने त्याला स्वतः खायला घालायचं, खरारा करायचा, फिरवायचं. मग काम. तुमच्या मिस्टरांना सांगा, महिनाभर सर्जाचा ब्रश आणि सकाळचा फेरा त्यांचा. फटके त्यांनी दिलेत ना, मग मन परत त्यांनीच जिंकायचं.

रॉटी_नाशिक

काका, भांड्याचं पटलं. माझा रॉटी पिल्लू असताना मी पण भांडं काढून घ्यायचो, याने कधी काही केलं नाही म्हणून बरोबरच वाटलं होतं. ताई, माझं मागचं उत्तर फार मनावर घेऊ नका. नियमांचं तेवढं धरा.

सर्जाची_आई (पुणे)

सात आठवड्यांनी लिहितेय, सॉरी.

हवालदारकाका, स्वयंपाकघराचा उंबरा अगदी बरोबर होता! सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या "मी काही शिकवलं नाही, मला आत नको होता एवढंच." त्या दारात उभ्या राहायच्या फक्त. आता घरात कोणी ओरडलं की त्याच आम्हाला दम देतात.

रक्ततपासणीत गोचीड ताप निघाला. व्हेटताई, तुम्ही म्हणाला नसता तर गेलोच नसतो. औषधाचा कोर्स पूर्ण झाला, चिडचिड त्यानेही कमी झाली असणार.

शब्द फ्रिजवर लागले. "बस" काढून "टेक" केलं, मुलीने ठरवलं, आणि तीच सगळ्यांच्या चुका काढते. कॉलर बदलली, एकदाही सुटला नाही. ओढणं अजून आहे पण मांजर दिसलं तरच. एका ओळखीच्यांचा कंपाउंडवाला प्लॉट मिळालाय, आठवड्यातून चार दिवस पळतो, पळताना बघितलं की वाटतं याला फ्लॅटमध्ये आणून आपण काय मागत होतो याच्याकडून.

नवऱ्याने ब्रश आणि सकाळचा फेरा मनावर घेतला. पहिले पंधरा दिवस सर्जा त्याच्यापासून हातभर लांबच बसायचा. मागच्या शनिवारी प्लॉटवर त्याने "यू यू" केलं आणि हा पार दुसऱ्या टोकावरून सुसाट आला, येऊन त्याच्या गुडघ्यात डोकं घातलं. नवरा बराच वेळ तिथेच बसून होता, मी काही बोलले नाही.

जेवणाचं एक राहिलंय. मी, सासूबाई जवळून गेलो तर आता शेपटी हलवतो, पण नवरा गेला की अजून खाणं थांबवून ताठ होतो. गुरगुरत नाही. तसंच चालू ठेवायचं का?

निवृत्त_हवालदार (सातारा)

शाब्बास. चालू ठेवा, फक्त त्यांचं अंतर परत दुप्पट करा आणि तुकडा आणखी चांगला, उकडलेली कलेजी वगैरे. ताठ होतोय म्हणजे ते जवळ फार लवकर आलेत. त्यांना सांगा भांड्याकडे बघायचं नाही, टाकून पुढे जायचं. तुम्ही महिनाभर भांडं काढत होतात, निदान तीन महिने धरून चला. आणि दार लावून जेवण मुलीसाठी चालूच राहू दे, तो कितीही सुधारला तरी.