मे अखेर रिटायर होतोय, वजन ८८, गुडघे दुखतात. सुरुवात कुठून करू?

रत्नागिरीकर५७

नमस्कार मंडळी. सरकारी ऑफिसात क्लार्क आहे, मे अखेर ५८ पूर्ण होतात आणि सुटतो. उंची ५ फूट ६ इंच, वजन ८८ किलो, कंबर बेंबीवर टेप धरून १०४ सेंटीमीटर. मागच्या महिन्यात रक्त तपासलं, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर आहात, गोळी नको, आधी वजन उतरवा. कसं उतरवायचं ते विचारायचं राहूनच गेलं, बाहेर पेशंटची रांग होती.

गेल्या वर्षी मनानेच केलं होतं सगळं. भात पूर्ण बंद, रात्री फक्त पपई, आणि भाट्याच्या किनाऱ्यावर रोज तासभर चालणं. अडीच महिन्यांत ६ किलो गेले, लोक विचारायला लागले काय केलंत म्हणून. पण अंगात जीव राहिला नाही, विहिरीवरून बादली आणताना हात थरथरायचा, मग उजवा गुडघा सुजला, त्यात पाऊस सुरू झाला आणि सगळं सुटलं. दिवाळीपर्यंत ७ किलो परत.

मला बारीक दिसायचं नाहीये. गावाला आंब्याची वीस कलमं आहेत, रिटायर झाल्यावर तिकडे जाऊन राहायचंय, स्वतः फिरून बघायचीत. माझ्या वडिलांना सत्तरीनंतर खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची, ते मी जवळून बघितलंय आणि त्याचीच भीती वाटते. तर भात सोडू का, जिम लावू का, आणि पावसात चार महिने करायचं काय? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

---

स्टेअरिंग_गुहागर

भाऊ, मी एसटीत ड्रायव्हर होतो, आता ६४ चालू आहे. रिटायर झाल्यावर पहिल्याच वर्षी माझं ६ किलो वाढलं कारण ड्युटी गेली पण भूक ड्युटीवालीच राहिली, त्यात सकाळचा चहा दहाला परत, चारला परत, प्रत्येक वेळी बरोबर खारी नाहीतर चिवडा. घरात बसलेल्या माणसाला दिवस फार मोठा असतो, तो खाण्याने भरतो हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तुम्ही मेच्या आधी विचार करताय हे फार बरं करताय.

माझं डोकं कधी ठिकाणावर आलं ते सांगतो. गणपतीत पूजेला पाटावर बसलो होतो. आरतीला उभं राहायचं तर उठताच येईना, एक हात जमिनीवर, दुसरा हात भिंतीला, तरी मुलाने काखेत धरून उठवलं. गुरुजी थांबून राहिले होते. तेव्हा वजन ९१ होतं पण त्या दिवशी मला वजनाचं नाही, मांड्यांचं वाईट वाटलं. वजन नंतर उतरलं, आधी मी उठायला शिकलो.

ओटीवर लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली (प्लास्टिकची घेऊ नका, सरकते) आणि हात छातीवर बांधून उठायचं बसायचं, सुरुवातीला पाच वेळा, थांबायचं, परत पाच. बसताना धपकन बसायचं नाही, सावकाश खाली जायचं, खरी मेहनत तिथेच आहे. महिन्याने दहा दहाच्या तीन फेऱ्या झाल्या, मग खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल, आणि आता पाट. पुढच्या वर्षीच्या गणपतीला पाटावरून हात न लावता उठलो. चौदा महिन्यांत ११ किलो गेले, तीन वर्षं झाली, दोनेक किलो वरखाली होतं तेवढंच.

किनाऱ्याचं ऐका. गुडघा सुजला तो बहुतेक मऊ वाळूमुळे. कोरड्या वाळूत पाय रुततो, टाच खाली जाते, गुडघ्यावर पीळ येतो. चालायचं ते ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर, आणि किनारा समुद्राकडे उतरता असतो त्यामुळे एकच पाय कायम खाली पडतो, म्हणून एका दिशेने लांबवर जाऊन रिक्षाने परत येऊ नका, जेवढं गेलात तेवढंच उलटं या म्हणजे दोन्ही पायांना सारखं होतं. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. आमच्याकडचे दर्यावर्दी तिथीला पाऊणने गुणतात, जे येईल ती भरतीची वेळ, तिच्यापासून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा अमावास्येच्या आसपास सकाळी साडेपाच सहाला किनारा मोकळा मिळतो आणि अष्टमीला नेमकी त्याच वेळी भरती. रोज सहालाच जायचं असा हट्ट धरलात तर निम्मे दिवस मऊ वाळूतच चालाल. भरती असेल त्या दिवशी सरळ डांबरी रस्ता धरा.

पावसात मी पडवीत चालतो. बावीस फूट लांब आहे, रेडिओ लावून अर्धा तास येरझाऱ्या. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की तिकडे जायचंच नाही, आमच्या वाडीत एक जण तसाच घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

---

सिस्टर_कुडाळ

भाऊ, मी ३३ वर्षं नर्सिंगमध्ये होते. वरच्या दादांनी मुद्द्याचं सांगितलंय, मी त्यामागचं कारण सांगते. तुम्ही गेल्या वर्षी उपाशी राहून ६ किलो घालवले त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले, म्हणूनच बादली जड झाली. परत आलेले ७ किलो मात्र बहुतेक चरबीच. असं दोन तीनदा झालं की वजन तेच दिसतं पण आतला माणूस कमजोर होत जातो. पन्नाशीनंतर स्नायू तसेही घटत असतात, म्हणून या वयात नुसतं कमी खाऊन वजन उतरवणं मला अजिबात पटत नाही. आठवड्याला पाव ते अर्धा किलो, त्यापेक्षा घाई नको. आणि गुडघ्याला खरा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूंचा असतो, वजन १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो.

प्रोटीन बघा. तुमच्या उंचीला दिवसाला ६५ ते ८० ग्रॅम धरा (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). रात्री पपई खाल्लीत त्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. आपल्याकडे काय कमी आहे? १०० ग्रॅम माशात २० ग्रॅमच्या आसपास मिळतं, बांगडा, तारली स्वस्त आणि उत्तम, फक्त रव्यात घोळवून तळण्यापेक्षा तिखलं करा नाहीतर तव्यावर चमचाभर तेलात भाजा. जून जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी, मुगाची उसळ, कुळथाची पिठी, ताक. सुकट, खारे बांगडे बेताने, मिठाने बीपी वाढतं.

आणि तेल मोजा. मी आमच्या घरात मोजलं तेव्हा हादरले. दोघंच माणसं आणि महिन्याला ३ लिटर, म्हणजे माणशी रोज ४५ ग्रॅमच्या वर, नुसत्या तेलाच्या चारशे कॅलरी, वर नारळ वेगळा. दीड लिटरची बाटली पहिल्या तारखेला काढून ठेवली, महिनाभर तीच. पळीने ओतणं बंद, चमच्याने घालायचं. जेवण कमी न करता माणशी दोनशे कॅलरी तिथेच वाचल्या. पहिले आठ दिवस ह्यांना चव लागेना, नंतर काही बोलले नाहीत.

तुमच्या ६.२ चं म्हणाल तर घाबरू नका पण सोडूही नका. अमेरिकेत डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम म्हणून मोठा अभ्यास झाला, २००२ साली निकाल आले. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच ध्येय होतं, त्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं आणि साठीच्या पुढच्यांमध्ये तर ७१ टक्क्यांनी. तुमचे ७ टक्के म्हणजे ६ किलो.

हे वाचणारे जे कोणी ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेतात त्यांनी जेवण एकदम कमी करू नका, शुगर खाली जाऊन चक्कर येते. बीपीची गोळी असेल तर वजन उतरल्यावर डोस परत बघून घ्या, उठताना डोळ्यापुढे अंधारी आली तर तेच कारण असू शकतं. घाटी चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त दम, असं काही झालं तर व्यायाम तिथेच थांबवून लगेच डॉक्टर. गॅस झाला असेल म्हणून घरी बसलेले पेशंट मी फार बघितलेत.

---

कलमवालो

मी देवगडचो. भात सोडूची काय एक गरज नाय ह्या माझा मत. आमच्या आज्यान जल्मभर उकड्याची पेज खाल्ल्यान, पण तो दिवसभर कलमात राबी. आपण खुर्चयेत बसान तेवढोच भात खातो, थंयच घोळ आसा. एक मूद घेवा, बाकी ताटात उसळ, भाजी, मासो. आणि मे म्हयन्यात आंबो खावा पण एक, जेवणाबरोबर, आणि त्या जेवणाक भात अर्धो. रसाची वाटी परत परत भरूची नाय. वीस कलमा हत तर तुमका वेगळी जिम कित्याक होयी?

---

बाई_चिपळूण

कलमवाल्यांशी थोडी असहमत आहे. बागेत राबणं चांगलंच पण ते सीझनचं काम, आणि एकाच बाजूने वाकून वाकून कंबर धरते. मी शाळेतून रिटायर झाल्यावर ५९ व्या वर्षी जिम लावली, पहिल्या दिवशी आत जायलाच लाज वाटली, सगळी कॉलेजची मुलं. आता आठवड्यातून दोन दिवस जाते, वजनं उचलते. ज्यांना जिम जमत नाही त्यांनी दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घ्या, भिंतीला हात लावून दंड काढा, ओट्याला धरून टाचा वर करा, आणि दात घासताना एका पायावर उभं राहा, पडू नये म्हणून तोल सांभाळायची सवय आत्तापासूनच हवी. बायकांनी तर नक्की करा, पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

---

सिस्टर_कुडाळ

बाईंना पूर्ण अनुमोदन. भाऊ, एक टेस्ट घरीच करा. हात छातीवर बांधून ३० सेकंदात खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ च्या खाली आलं तर कमी समजतात. आकडा लिहून ठेवा, वजनाच्या शेजारीच.

---

रत्नागिरीकर५७

सगळ्यांचे मनापासून आभार. टेस्ट केली, ९ आले. दोनदा केली, दुसऱ्यांदाही ९. बायको घड्याळ धरून समोर उभी होती, तिचे १२ झाले. तेलाचं मोजलं, आमचं महिन्याला अडीच लिटर निघालं.

---

रत्नागिरीकर५७ (दोन महिन्यांनी)

आधी न लिहिल्याबद्दल सॉरी, निरोप समारंभ आणि बाकी गडबड होती. वजन ८५.२, कंबर १००, खुर्ची १३. भात चालू आहे, दुपारी एक मूद, रात्री नाचणीची भाकरी आणि उसळ नाहीतर अंडी. तेल दीड लिटरवर आलंय. गुडघा सुजलेला नाही, जिना उतरताना अजून कुरकुरतो. मागच्या रविवारी गावच्या विहिरीवरून दोन हातांत दोन बादल्या घेऊन मधे न टेकता पडवीपर्यंत आलो, गेल्या वर्षी एकीला दोनदा टेकत होतो. बायकोचे खुर्चीचे १५ झालेत, रोज माझ्याबरोबरच करते.

स्टेअरिंग दादा, तुमचं तिथीचं गणित भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. उद्या दशमी, म्हणजे सकाळी साडेसातला भरती, तेव्हा उद्या भाट्याला नाही, पुलावरून रस्त्याने जाणार. पाऊस टेकलाच आहे, पडवी आमची चौदा फूटच आहे पण चालेल. पाटाचं मात्र अजून जमत नाही, स्टुलावर आलोय. स्टुलावरून पाटावर यायला तुम्हाला साधारण किती दिवस लागले?