विषय: गणपतीचा शनिवार आणि बिग टेनचं वेळापत्रक

नमस्कार मंडळी,
गणपतीसाठी हॉल बघणं चालू आहे. विद्यापीठाच्या वेळापत्रकात त्या शनिवारी घरची (म्हणजे आपल्याच गावात होणारी) अमेरिकन फुटबॉलची मॅच आहे, पण वेळेचा रकाना कोराच. मिरवणूक सकाळी काढायची की संध्याकाळी, सगळं त्यावर अडलंय. वेळ कधी कळते? आणि जाता जाता, बिग टेन म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या खेळांची लीग (कॉन्फरन्स), नावात दहा, मग तिच्यात 18 विद्यापीठं कशी काय झाली?
— हॉल समिती

---

हॉल समितीस,
वेळ विद्यापीठाच्या नाही, टीव्हीच्या हातात असते. सहसा मॅचच्या 12 दिवस आधी, सोमवारी जाहीर होते. चॅनेलवाल्यांना चुरस बघून निवडायचं असलं की तीच गोष्ट 6 दिवसांवर, म्हणजे आदल्या रविवारवर जाते. पहिल्या काही आठवड्यांच्या आणि रात्रीच्या मोजक्या मॅचच्या वेळा मात्र बऱ्याच आधी कळतात. ईस्टर्न (अमेरिकेच्या पूर्वेकडच्या) वेळेने मुख्य वेळा तीन, प्रत्येक एकेका चॅनेलची: दुपारी 12 फॉक्स, 3:30 सीबीएस, रात्री 7:30 एनबीसी. मॅच साडेतीन तास धरा. आपल्याला 12ची परवडते, संध्याकाळ मोकळी मिळते. 3:30ची सगळ्यात वाईट, ती अख्खा दिवस खाते. इथल्या मिशिगन स्टेडियममध्ये 1,07,601 माणसं बसतात. ती एकदम बाहेर पडली की ढोल-ताशांची व्हॅन चौकातच अडकली समजा.

आता 18 विद्यापीठांचं. एके काळी सूत्रं टीव्हीकडे नाही, प्राध्यापकांकडे होती. परड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी 11 जानेवारी 1895ला शिकागोच्या पामर हाउसमध्ये बैठक बोलावली. त्या काळी भाडोत्री खेळाडू सर्रास संघात घुसवले जात, म्हणून खेळणारा खरोखरचा विद्यार्थीच हवा, अशी अट आली. त्या बैठकीत लेक फॉरेस्ट हे कॉलेज होतं. 1896ला रीतसर स्थापना होताना त्याच्या जागी मिशिगन आलं. 1899ला इंडियाना आणि आयोवा, 1912ला ओहायो स्टेट.

1906ला नियम आणखी आवळले: सीझनमध्ये पाचच मॅच, प्रत्येकाला तीनच वर्षं खेळता येणार, खेळाडूंची वेगळी पंगत बंद. मिशिगनला ते जाचलं, 1908ला ते बाहेर पडलं आणि 1917ला परतलं. तेव्हा कुठे दहाचा आकडा जमला. शिकागोने 1939ला फुटबॉलच गुंडाळलं आणि 1946ला कॉन्फरन्सही सोडली. ती जागा 1949ला मिशिगन स्टेटला मिळाली. पुढची वाढ सरळ बाजाराची. 1990ला पेन स्टेट, 2011ला नेब्रास्का. 2014ला मेरीलँड आणि रटगर्स घेतले ते वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्ककडच्या केबल टीव्ही घेणाऱ्या घरांसाठी, मैदानावरच्या पराक्रमासाठी नव्हे. 2024ला यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन.
— अ‍ॅन आर्बरहून

---

अ‍ॅन आर्बरच्या काकांनी इतिहास सांगितलाच आहे, मी बिग टेनच्या कारभाराचं लिहिते.

मोठे निर्णय विद्यापीठांचे अध्यक्ष आणि चान्सलर यांच्या मतदानाने होतात. कमिशनर (2023पासून टोनी पेटिटी) ते राबवतात. कचेरी शिकागोजवळ रोझमाँटला. 2022ला झालेला फॉक्स-सीबीएस-एनबीसीचा प्रक्षेपणाचा करार सात वर्षांचा, 7 अब्ज डॉलरच्या वरचा. वाटा सगळ्यांना सारखा नाही: ओरेगन आणि वॉशिंग्टन सुरुवातीला निम्म्याच्या आसपास पैशांवर आलेत.

फुटबॉलमध्ये कॉन्फरन्सच्या 9 मॅच, बाहेरच्या 3. संघांचे ईस्ट-वेस्ट गट 2024ला गेले. आता एकच तक्ता आणि पहिले दोन इंडियानापोलिसला अंतिम मॅच खेळतात. 17 प्रतिस्पर्धी आणि मॅच 9, त्यामुळे कधी कधी तुल्यबळ दोघांची गाठच पडत नाही आणि बरोबरी सोडवायला नियमांची लांबलचक जंत्री लागते. मिशिगन-ओहायो स्टेटसारख्या जोड्या तेवढ्या दर वर्षी पक्क्या. पुरुषांच्या बास्केटबॉलचं गणित सोपं: तिघांशी दोनदा, चौदा जणांशी एकदा, एकूण 20.

आइस हॉकी 2013पर्यंत बिग टेनचा खेळच नव्हता. कॉन्फरन्स विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश हवा तर किमान सहा संघ लागतात आणि इथे होते पाच. पेन स्टेटने वरच्या श्रेणीत संघ उतरवला आणि काम झालं. मात्र मिनेसोटा, मिशिगन वगैरे जुन्या लीगमधून उठून आल्यामुळे तिथल्या लहान कॉलेजांची पार पांगापांग झाली. त्याची चर्चा कोणी फारशी करत नाही.

हॉलचं म्हणाल तर वेळेची वाट बघूच नका. मॅचच्या वीकेंडला हॉटेलवाले दोन रात्रींखाली खोली देत नाहीत आणि 12 दिवसांत पाहुण्यांची सोय लावणं अशक्य. तारखा कित्येक महिने आधी येतात. संघ बाहेरगावी असेल किंवा सुट्टीवर असेल तो शनिवार धरा. चतुर्थीनंतरचा रविवार मिळाला तर आणखी उत्तम.
— कोलंबसहून