आठवी-नववीला इंटरनेटचा जबाबदार वापर शिकवायचाय, सहा तासिकांत काय घेऊ? (नागपूर)

वर्गशिक्षिका_नंदनवन

नमस्कार. मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला शिकवते. या सत्रात वरच्या विषयासाठी ३५ मिनिटांच्या सहा तासिका मिळाल्या आहेत. शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे. वर्गात प्रोजेक्टर आणि माझा लॅपटॉप, एवढंच साधन. बहुतेक मुलं आईचा नाहीतर दादाचा फोन वापरतात, पण इन्स्टाग्रामवर खातं जवळपास प्रत्येकाचं आहे, आणि पुष्कळांनी जन्मसाल खोटं टाकलेलं आहे.

त्रास मुख्यतः तीन. वर्गातल्या मुलामुलींच्या फोटोंचे स्टिकर करून ग्रुपवर टाकणं, काहीही आलं की पुढे ढकलणं, आणि वडिलांच्या फोनवरून गेममध्ये पैसे भरणं. "अनोळखी माणसाशी बोलू नका" हे भाषण त्यांना पाठ आहे, त्याने काही होत नाही. वर्गात करून बघता येईल असं काय घेऊ? आणि एखादी मुलगी येऊन रडत काही सांगायला लागली, तर पहिल्या तासाभरात मी नेमकं काय करायचं?

संगणक_मास्तर_मानेवाडा

मॅडम, सुरुवात फॉरवर्डपासून करा. पहिल्याच दिवशी धोक्याची भाषा काढली की पोट्टे मान खाली घालून बसतात. "हे खरं की खोटं?" म्हटलं की मागच्या बाकावरचेही हात वर येतात.

नागपूरच्या वर्गासाठी ३० मे २०२४ चं उदाहरण घ्या. त्या दिवशी नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेल्याची बातमी देशभर फिरली. आकडा कोणी बनवलेला नव्हता, स्वयंचलित हवामान केंद्राच्या यंत्रावरच तो दिसला होता. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. मुलांची समजूत अशी असते की खोटी बातमी कुणीतरी मुद्दाम रचतो. इथे यंत्र सरकारी, आकडा खरोखर उमटलेला, आणि तरी माहिती चुकीची. म्हणून हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

फळ्यावर फक्त "नागपूर, ५६ अंश" लिहा. विश्वास बसतो का आणि कशामुळे, हे प्रत्येकाला वहीत दोन ओळींत लिहू द्या. न लिहिता विचारलंत तर वर्ग हुशार पोराचं उत्तर उचलतो. मग सांगा की शहराचा तोवरचा उच्चांक ४७.९ होता, २३ मे २०१३ चा. आठ अंशांनी उच्चांक एका दिवसात मोडेल का? पुढचा प्रश्न, त्याच दिवशी आसपासच्या दुसऱ्या काही केंद्रांवर किती होतं? ४४ च्या आसपास. शेवटी लॅपटॉपवर दुसरी टॅब उघडून हवामान खात्याचा खुलासा वर्गासमोर शोधा. हीच सवय लावायची आहे: आलेला मजकूर पुन्हापुन्हा वाचत बसायचं नाही, त्यातून बाहेर पडून दुसरे काय म्हणतात ते बघायचं. मुलं पानाची सजावट, लोगो, शुद्ध भाषा बघून विश्वास ठेवतात, आणि या तिन्ही गोष्टी आज फुकट बनवता येतात.

दुसरी तासिका फोटो-व्हिडिओची. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पूर आला, हे मुलांना आठवतं. त्या पुराचे काही खरे फोटो आणि इतर शहरांतल्या पुराचे काही, असे मिसळून दाखवा. आधी डोळ्यांनी शोधू द्या: दुकानाच्या पाटीवरची भाषा, गाडीची नंबरप्लेट (एमएच ३१, ४९ की ४०), बसचा रंग. मग गूगल लेन्स, म्हणजे चित्रावरून शोध. व्हिडिओ असेल तर एक स्पष्ट फ्रेम थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यावरची मोठ्ठी लाल अक्षरं कापून टाकायची आणि मग शोधायचं. अक्षरं ठेवली तर लेन्स त्या अक्षरांसारखीच चित्रं आणून देतं. फोटो आरशासारखा उलटवलेला असला तरी फसतं, अशा वेळी सरळ करून पुन्हा शोधा. मिळालेल्या निकालांत सगळ्यात जुनी तारीख बघायची, पहिला निकाल नव्हे. आणि "सारखा दिसणारा" फोटो म्हणजे "तोच" फोटो नाही, हे दोनदा सांगा.

व्हॉट्सअॅपवरचा दुहेरी बाणही दाखवा. मूळ माणसापासून पाच किंवा जास्त वेळा पुढे गेलेल्या मेसेजवर तो येतो, आणि असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. पण कोणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण नाहीसा होतो. त्यामुळे बाण दिसला नाही म्हणून मेसेज खरा ठरत नाही.

नववीला राईनपाडा सांगा. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. तशा अफवा तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. व्हिडिओ अजिबात दाखवू नका. दोन मिनिटं शांतपणे सांगितलं तरी वर्गाला कळतं की बोटाच्या एका टिचकीने काय होऊ शकतं.

कायदा_आणि_शाळा

"पहिला तास" या प्रश्नाचं उत्तर देते, पण त्याची तयारी पहिल्या तासिकेच्या आधी व्हायला हवी. मुलं सांगत नाहीत, कारण सांगितलं की फोन हिसकावला जातो. मुलींच्या बाबतीत कधीकधी शिकवणीला जाणंही बंद होतं. मुख्याध्यापकांशी बोलून एवढं लेखी ठरवून घ्या की सांगणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शिक्षा नाही, फोन जप्त नाही, आणि ऐकून घेणाऱ्या दोन शिक्षकांची नावं वर्गाला माहीत असतील, त्यात एक बाई असेल.

"कुणालाच सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. "ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून मगच" हे वाक्य वापरा.

आता प्रकार वेगळे करा. चिडवणारा स्टिकर असेल, तर ज्याने टाकला त्याला "सगळ्यांसाठी डिलीट" करायला लावा. हा पर्याय दोन दिवसांपेक्षा थोडा जास्त वेळ उपलब्ध असतो. ग्रुप अॅडमिनही दुसऱ्याचा मेसेज काढू शकतो. पण ज्यांनी स्टिकर आपल्या फोनमध्ये जतन केला, त्यांच्याकडे तो राहतोच. म्हणून ग्रुपमधल्या प्रत्येकाकडून तो काढून घेणं हे शिक्षकाचं काम, त्या मुलीने दारोदार विनवण्या करायच्या नाहीत. इन्स्टाग्रामवर कोणी छळत असेल तर ब्लॉक करण्याआधी "रिस्ट्रिक्ट" सुचवा. त्या माणसाच्या कमेंट त्याला स्वतःला दिसत राहतात, इतरांना दिसत नाहीत, आणि त्याला कळतही नाही. ब्लॉक केलं की लगेच कळतं आणि वर्गात वाद वाढतो.

नग्न फोटो असेल, खरा किंवा अॅपने बनवलेला, तर नियम पूर्ण बदलतात. तो फोटो बघायला मागू नका, स्वतःच्या फोनवर घेऊ नका, पुरावा म्हणून मुख्याध्यापकांना पाठवू नका. १८ वर्षांखालच्या मुलांचं असं चित्र बाळगणं आणि पुढे पाठवणं पोक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याच्या आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब च्या कक्षेत येतं. सद्हेतूने का होईना, तुम्ही स्वतः अडचणीत याल. कागदावर लिहून घ्या: खात्याचं यूजरनेम, प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ, काय मागितलं. वर मोठ्या अक्षरात दिसणारं नाव निरुपयोगी, ते कोणीही कधीही बदलतो. चॅट डिलीट करू देऊ नका, फोन रीसेट करू देऊ नका. धमकी देऊन पैसे मागत असेल तर एक रुपयाही द्यायचा नाही. एकदा दिले की मागणी वाढते.

पोक्सोखालचा गुन्हा घडल्याचं कळलं तर कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. "शाळेचं नाव खराब होईल" असं कोणी म्हणालं तर हे कलम समोर ठेवा. सोबत चाइल्डलाइन १०९८, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल, जिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे.

"टेक इट डाउन" ही मोफत सेवा मुलींना जरूर सांगा. १८ च्या आत काढलेल्या फोटोसाठी ती आहे. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा (फोटोवरून तयार होणारा सांकेतिक क्रमांक) पाठवला जातो आणि सहभागी संकेतस्थळं तो ठसा जुळवून फोटो काढतात. फोटो कापला किंवा बदलला की ठसा बदलतो, त्यामुळे प्रत्येक आवृत्तीचा ठसा वेगळा द्यावा लागतो. व्हॉट्सअॅपच्या चॅटमध्ये याचा उपयोग होत नाही.

आणि कृपा करून, मुलीचं नाव शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका.

बँकवाला_इतवारी

पैशांवर एक तासिका पुरे. फळ्यावर एकच वाक्य: पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. क्यूआर स्कॅन करणं म्हणजेही पैसे देणं. मग बनावट मेसेजच्या दहा चिठ्ठ्या करा ("बक्षीस घेण्यासाठी पिन टाका", "चुकून पाठवले, परत करा", "गेमच्या फुकट डायमंडसाठी इथे लॉगिन करा") आणि प्रत्येकात पैसा कुठून कुठे जातोय त्याचा बाण काढायला लावा. बाण काढताना मुलांना आपोआप कळतं.

गेमच्या टॉप-अपबाबत पालकांना दोन ठिकाणं दाखवा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीची पडताळणी "प्रत्येक वेळी" वर ठेवायची. आणि यूपीआय लाइट चालू आहे का ते बघायचं, कारण त्यात १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. वडील म्हणतात पिन पोराला माहीत नाही, आणि पैसे तर तिथूनच गेलेले असतात. मुलाने स्वतःच टॉप-अप केलं असेल तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवरूनच परतावा मागा; ती फसवणूक नाही, १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर तिथे कामाचा नाही.

खरी फसवणूक झाली तर मात्र लगेच १९३०. हाताशी बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून "बाबा संध्याकाळी आल्यावर सांगू" यात सगळं हातचं जातं.

नववीला आणखी एक सांगा. "तुझं किंवा दादाचं बँक खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो" असं कोणी म्हणालं तर ते खातं फसवणुकीच्या पैशांसाठी वापरलं जातं आणि पोलीस सगळ्यात आधी खातेदाराकडे येतात.

वर्गशिक्षिका_नंदनवन

खूप आभार. जन्मसालाचं काय करू? दुरुस्त करायला सांगितलं तर खातं बंद पडेल, अशी मुलांना भीती आहे.

संगणक_मास्तर_मानेवाडा

तेरा पूर्ण असतील तर नुसतं वय खरं केल्याने खातं बंद व्हायचं कारण नाही, उलट किशोरांसाठीच्या खात्यात जातं: खातं खाजगी, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, आणि सोळाच्या आत या गोष्टी सैल करायला पालकांची परवानगी लागते. वय २५ टाकलेल्या मुलीला अॅप प्रौढ समजतं, म्हणून यातलं काहीच लागू होत नाही. हे कारण सांगितलं की मुली स्वतःहून बदलतात. आठवीतल्या ज्यांचे तेरा पूर्ण नाहीत त्यांचं खातं बंद होऊ शकतं, हेही खरं सांगून टाका.

फोन पालकांचे आहेत, तेव्हा सहावी तासिका वर्गात न घेता पालकसभेत घ्या आणि फोन सोबत आणायला सांगा. व्हॉट्सअॅपमध्ये गोपनीयता, तिथे ग्रुप्स, "माझे संपर्क". प्रोफाइल फोटोलाही तेच. मग अकाउंटमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सहा अंकी पिन, आणि ईमेल नक्की जोडायचा, नाहीतर पिन विसरल्यावर खोळंबा होतो. लिंक केलेली डिव्हाइसेस उघडून अनोळखी काही दिसलं तर लॉगआउट. रांगेने फिरून प्रत्येकाचा स्क्रीन बघा. "घरी जाऊन करतो" म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे करतात.

इन्स्टाग्रामच्या "लपवलेले शब्द" यादीत आपल्या इकडच्या शिव्या हाताने भराव्या लागतात, अॅपला वऱ्हाडी येत नाही. देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगांनी, कारण मुलं रोमनमध्येच लिहितात. यादी कोणती भरायची ते मुलांनाच विचारा, त्यांच्याकडे ती तयार असते.