फुकटची पर्सनॅलिटी टेस्ट की साडेचार हजारांची?

नाशिककर_आई: मुलगा अकरावीत आहे. नेटवरच्या फुकट चाचणीत दिवाळीत 'आयएनएफपी' असा चार अक्षरी स्वभावप्रकार आला (पहिलं अक्षर 'आय' म्हणजे अंतर्मुख), संक्रांतीला 'ईएनएफपी' ('ई' म्हणजे बहिर्मुख). क्लासवाले म्हणतात, "ताई, फुकटचं तसंच असणार. आमची टेस्ट करा, चाळीस पानी रिपोर्ट मिळेल." साडेचार हजार सांगताहेत. पैसे मोजले की उत्तर पक्कं येतं का?

गोदाकाठ: भाच्याचा आणि त्याच्या मित्राचा असाच रिपोर्ट शेजारी ठेवून वाचला होता. नावं सोडली तर निम्मा मजकूर तोच!

निवृत्त_मास्तर: ताई, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो. अक्षर बदललं ते चाचणी फुकट होती म्हणून नव्हे. साडेपाच फुटांवर रेघ मारून वरचे सगळे उंच आणि खालचे बुटके म्हटलं, तर रेघेजवळचा माणूस बूट घातले की उंच होणारच. ही चार अक्षरं जिच्यातून आली त्या मूळ 'एमबीटीआय' चाचणीला पैसे पडतात, पण तीही अशीच रेघ मारते. काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर फिरतं.

उलट मानसशास्त्रज्ञ गोल्डबर्ग यांनी उभा केलेला 'आयपिप' हा प्रश्नसंच सगळ्यांना खुला आहे, संशोधकही तोच वापरतात. त्यातली जॉन्सन यांची १२० प्रश्नांची चाचणी स्वभावाचे पाच मुख्य गुणधर्म आणि त्यांचे ३० पैलू मोजते, नेटवर फुकट. अक्षरं चिकटवत नाही, कमी-जास्त किती ते सांगते. मात्र तुलनेचा गट आपल्याकडचा नाही आणि प्रश्न इंग्रजीत आहेत. पोरगा मराठी माध्यमाचा असेल तर शेजारी बसा.

पैसे द्यायचेच तर समोर बसून निकाल समजावणाऱ्या प्रशिक्षित माणसाला द्या. क्लासवाल्यांना विचारा: चाचणीचं मॅन्युअल आहे का, तुलना कोणत्या वयाच्या मुलांशी, पुन्हा घेतल्यावर गुण किती जुळतात?

आणि "अगदी आमचाच बाळ!" असं वाटलं म्हणून भुलू नका. १९४८ साली फोरर या मानसशास्त्रज्ञांनी ३९ विद्यार्थ्यांना ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं एकच वर्णन 'तुमचं' म्हणून वाटलं. ते किती जुळतं याला पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

नाशिककर_आई: विचारलं सर. मॅन्युअल म्हणून रंगीत ब्रोशर पाठवलं. वर म्हणाले, दहाही बोटांचे ठसे घेऊ, त्यावरून शाखाही सांगू.

निवृत्त_मास्तर: ठशांवरून स्वभाव किंवा शाखा कळते याला काही शास्त्रीय आधार नाही. साडेचार हजार राहू द्या.