विषय: नेवाडातील मतदार-ओळखपत्राची घटनादुरुस्ती – नोव्हेंबर २०२६ चा अंदाज

पहिले पत्र (हेंडरसनहून)

सस्नेह नमस्कार मंडळी,

कार्यकारिणीच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी मतदार-ओळखपत्राच्या प्रस्तावाला किती टक्के होकार मिळेल, ही जी चर्चा अर्धवट राहिली, ती येथे लेखी मांडतो. मतदान करताना ओळखपत्र सक्तीचे करणाऱ्या, २०२४ मध्ये क्वेश्चन ७ म्हणून मतपत्रिकेवर आलेल्या प्रस्तावाला ७३ टक्के मतदारांनी होकार दिला. आपल्या राज्यात नागरिकांच्या पुढाकाराने येणारी घटनादुरुस्ती सलग दोन सार्वत्रिक निवडणुकांत संमत व्हावी लागते, म्हणून तोच प्रस्ताव येत्या ३ नोव्हेंबरला पुन्हा आपल्यासमोर येणार आहे. २०२४ मध्ये त्याच मतपत्रिकेवर ट्रम्प यांना येथे जेमतेम तीन टक्क्यांची आघाडी मिळाली होती. म्हणजे डेमोक्रॅटिक मतदारांनीही मोठ्या संख्येने होकार दिला, हे उघड आहे. गॅलप या जनमत-पाहणी संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत देशभरातील ८४ टक्के लोक छायाचित्रासह ओळखपत्राच्या बाजूने होते. आपल्यापैकी बहुतेकांना तर भारतात मतदान केंद्रावर ओळखपत्र दाखवण्याचीच सवय होती. या वेळच्या होकाराचा माझा आकडा ७५ टक्के.

दुसरे पत्र (रेनोहून)

स.न.वि.वि.

आपला आकडा वाचला. प्रस्ताव संमत होईल, असे मलाही वाटते, परंतु ७३ वरून ७५ कडे जाण्याचा हिशेब मात्र मला पटलेला नाही, आणि त्याचे कारण आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. २०१६ मध्ये वीजपुरवठ्याची बाजारपेठ खुली करण्याची घटनादुरुस्ती येथे ७२ टक्क्यांनी संमत झाली होती. दोन वर्षांनी तीच दुरुस्ती, त्याच शब्दांत, दुसऱ्या फेरीसाठी आली आणि ६७ टक्के मतदारांनी ती फेटाळली, कारण मधल्या काळात वीज कंपनीने विरोधी प्रचारावर सहा कोटी डॉलरच्या घरात खर्च केला होता. पसंतीक्रमाने मतदान आणि खुल्या प्राथमिक फेरीचा (उमेदवार निवडणाऱ्या आधीच्या मतदानाचा) प्रस्तावही २०२२ मध्ये ५३ टक्क्यांनी तरला आणि २०२४ मध्ये जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी बुडाला. पहिल्या फेरीचा होकार हा पुष्कळदा केवळ कल्पनेला दिलेला होकार असतो.

ओळखपत्राच्या बाबतीत पाहणीतले आकडे आणि मतपेटीतले आकडे यांची फारकत अन्यत्रही झालेली आहे. मिनेसोटात मे २०११ मध्ये एका वृत्तपत्राच्या पाहणीत ८० टक्के लोक अनुकूल होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रत्यक्षात प्रस्तावाच्या बाजूने ४६ टक्केच मते पडली. मेन राज्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे ६४ टक्के मतदारांनी नकार दिला. उलट नेब्रास्कात २०२२ मध्ये ६५ टक्के होकार मिळाला, आणि विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशाची जागा उदारमतवादी उमेदवाराने दहा टक्क्यांच्या फरकाने जिंकली असताना त्याच मतदारांनी ओळखपत्राला सुमारे ६३ टक्के होकार दिला. त्यामुळे पक्षाचा कल पाहून येथे फारसे काही हाती लागत नाही. प्रस्ताव टपाली मतदानाला हात लावतो का, हे आधी पाहावे. विस्कॉन्सिनमध्ये जो कायदा आधीपासून लागू होता, तोच घटनेत गेला, म्हणून कोणाच्याही सवयीत फरक पडणार नव्हता. मेनमध्ये ओळखपत्रासोबत टपाली मतदानाचे दिवस कमी करणे, मतपत्रिका टाकण्याच्या पेट्यांवर मर्यादा आणणे अशी कलमे जोडलेली होती, आणि लोकांनी नकार दिला तो बहुधा त्या कलमांना. ॲरिझोनात २०२२ मध्ये टपाली पाकिटावर जन्मतारीख आणि ओळखक्रमांक लिहिण्याची अट होती. तो प्रस्ताव एका टक्क्याहूनही कमी फरकाने पडला.

आता आपला प्रस्ताव पाहा. केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवण्याचा भाग सर्वांना ठाऊक आहे. टपाली मतपत्रिकेवर ड्रायव्हिंग लायसन्सचे शेवटचे चार आकडे, लायसन्स नसल्यास सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहावे लागतील, हा दुसरा भाग मात्र फार थोड्यांनी वाचला आहे. २०२१ च्या कायद्यानुसार येथे प्रत्येक सक्रिय मतदाराला मतपत्रिका घरपोच येते आणि निम्म्याच्या आसपास मते टपालानेच पडतात. टेक्ससने असाच क्रमांक सक्तीचा केल्यावर मार्च २०२२ च्या प्राथमिक फेरीत सुमारे १२ टक्के टपाली मतपत्रिका बाद झाल्या. क्रमांकाची जागा पाकिटाच्या झाकणाखाली होती आणि अनेकांनी ती पाहिलीच नाही. विरोधकांनी एवढे एकच चित्र दूरचित्रवाणीवर दाखवले, तरी दहा टक्के मते सहज गळतील. माझा आकडा ६२.

तिसरे पत्र (लास व्हेगसहून)

काका, सविनय नमस्कार.

आपला युक्तिवाद मुद्देसूद आहे, तरीही टेक्ससचा दाखला अर्धाच दिला गेला, असे मला वाटते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाकिटाची मांडणी आणि लोकांची माहिती सुधारल्यावर बाद मतपत्रिकांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली आले. शिवाय टपाली मतदारांची आजची अडचण सहीची आहे. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळली नाही, तर निवडणुकीनंतर सहाव्या दिवसापर्यंत मतदाराला स्वतः खुलासा करावा लागतो, आणि आमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांची सही दर वर्षी बदलते. अशा घरात चार आकडे लिहिणे जाच वाटण्याऐवजी सोपेच वाटेल.

ज्येष्ठांविषयी बैठकीत काळजी व्यक्त झाली होती, म्हणून तपशील देते. सत्तर वर्षांवरील व्यक्तीला मुदत संपलेले ओळखपत्र, ती मुदत कधीही संपलेली असली, तरी चालेल. इतरांना चार वर्षांपर्यंत सवलत आहे. गाडी न चालवणाऱ्या सासूबाईंकडे राज्याचे ओळखपत्र किंवा अमेरिकन पासपोर्ट असला की पुरे. मला शंका आहे ती मधल्या नावाची. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे असते. ते लायसन्सवर पूर्ण, मतदार यादीत केवळ आद्याक्षर आणि पासपोर्टवर आडनावाला जोडून, असे तीन प्रकार एकाच घरात सापडतात. आपल्या सभासदांनी ते आत्ताच तपासून घेतलेले बरे.

वीज-प्रस्तावाशी केलेली तुलना मला पटत नाही. तेथे एका कंपनीचा धंदाच पणाला लागला होता, म्हणून एवढा पैसा आला. येथे तसा पैसा ओतणारा एकही विरोधक दिसत नाही. डेमोक्रॅटिक नेतेही पूर्ण विरोधात नाहीत: जून २०२५ मध्ये त्यांच्याच बहुमताच्या विधिमंडळाने ओळखपत्र आणि टपाली मतपत्रिका टाकण्याच्या पेट्या यांची सांगड घालणारे विधेयक संमत केले होते, आणि त्यावर नकाराधिकार वापरला तो रिपब्लिकन गव्हर्नर लोम्बार्डो यांनी. ज्यांनी स्वतः ओळखपत्राच्या विधेयकाला हात वर केला, त्यांना आता विरोधात जोरकस प्रचार करणे अवघड जाईल.

म्हणून माझा आकडा ६९. मात्र सप्टेंबरअखेर टपाली पाकिटांविषयीच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर रोज दिसू लागल्या, तर मी आपल्या ६२ कडे सरकेन, आणि तसे आपल्या याच पत्रव्यवहारात, मतपत्रिका घरी येण्यापूर्वी कळवीन.