शब्दचर्चा : ‘नुन्ची’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दक्षिण कोरियातल्या परदेशी शिक्षकांवर एक लेख लिहिते आहे. तिथे इंग्रजी शिकवायला गेलेले कॅनडाचे, दक्षिण आफ्रिकेचे, आयर्लंडचे शिक्षक, आणि एक आपल्याकडची शिक्षिका अशा काही जणांशी सविस्तर बोलले. घर, पगार, थंडी, जेवण हे सगळं नीट लिहून होतंय. अडलंय ते एका शब्दापाशी. प्रत्येकाच्या बोलण्यात ‘नुन्ची’ आली. ‘मला नुन्ची नाही असं ते म्हणायचे’, ‘पहिलं वर्ष नुन्ची शिकण्यात गेलं’, ‘नुन्ची बघून बघून जीव दमतो’.

शब्दकोशात ‘दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता’ असा अर्थ मिळतो, पण लेखात दर वेळी एवढं लांबण लावता येत नाही. मी तारतम्य, समज, अंदाज, पोच हे शब्द घालून पाहिले. ‘पोच’ बराच जवळ वाटतो. ‘त्याला पोच नाही’ हे ‘त्याला नुन्ची नाही’च्या जागी चपखल बसतं. पण ‘पोच बघून बघून दमले’ असं कुणी म्हणणार नाही. एकच शब्द सगळीकडे चालेल का?

प्रतिसाद

‘प्रसंगावधान’ कसा वाटतो? किंवा साधं ‘भान’. ‘कुठे काय बोलावं याचं भान नाही’ असं आपण रोज म्हणतो.

प्रतिसाद

प्रसंगावधान नको. त्यात संकट असतं. गाडीचा ब्रेक लागला नाही, चालकाने प्रसंगावधान राखलं, अशा जागी तो शब्द येतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये संकट नसतं, नुसते चेहरे असतात. ‘भान’ चालेल, पण ते स्वतःचंही असतं, वेळेचं आणि देहाचंही असतं. नुन्ची नेहमी समोरच्या माणसाबद्दल असते ना?

प्रतिसाद (देजॉन, दक्षिण कोरिया)

ताई, मी आधी इथल्या एका माध्यमिक शाळेत सहायक शिक्षिका होते, आता विद्यापीठात शिकवते. हा शब्द रोज कानावर पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘नुन’ म्हणजे डोळा. म्हणजे शब्दाच्या मुळातच बघणं आहे. दुसरं, हा शब्द एकटा क्वचितच येतो, आणि सोबतच्या क्रियापदाप्रमाणे अर्थ फिरतो. ‘नुन्ची इत्ता’ म्हणजे नुन्ची असणं, ‘नुन्ची ऑप्ता’ म्हणजे नसणं. ‘नुन्ची प्पारुदा’ म्हणजे ती जलद असणं, माणूस चटकन ओळखतो. ‘नुन्ची छेदा’ म्हणजे एखादी गोष्ट न सांगता लक्षात येणं. ‘नुन्ची पोदा’ म्हणजे शब्दशः नुन्ची बघणं, आणि त्याचा अर्थ दुसऱ्याच्या मर्जीचा सतत अदमास घेत राहणं. ‘नुन्ची जुदा’ म्हणजे देणं, तोंडाने काही न बोलता नजरेने नापसंती पोचवणं. जोर द्यायचा असेल तर ‘नुन्चीकोची ऑप्ता’ म्हणतात, आपण ‘अक्कलबिक्कल’ म्हणतो तसं.

तेव्हा एक शब्द शोधू नका. क्रियापदागणिक मराठी वेगळी घ्या. ‘नुन्ची नाही’ला तुमचा ‘पोच नाही’ उत्तम आहे. ‘नुन्ची पोदा’ला आपल्याकडे ‘मर्जी सांभाळणं’ आहे, ‘तोंडाकडे बघून वागणं’ आहे. सासूच्या तोंडाकडे बघत दिवस काढले, हे वाक्य कोरियन बाईला समजावून सांगावं लागणार नाही. ‘नुन्ची छेदा’ला ‘उमगणं’ किंवा ‘पाणी कुठे मुरतंय ते कळणं’. आणि सर्वसाधारण नाम म्हणून मी ‘रागरंग’ सुचवेन. ‘रागरंग ओळखणं’, ‘रागरंग बघून बोलणं’. ‘नुन्ची’च्या इतक्या जवळ जाणारा दुसरा शब्द मला मराठीत आठवत नाही.

आता लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचं सांगते. नुन्चीची अपेक्षा खालच्याकडून वरच्यासाठी असते. मुख्याध्यापकांना, म्हणजे ‘ग्योजांग’ना, तिची फारशी गरज पडत नाही. नव्या शिक्षकाला पडते. परदेशी शिक्षकाची अडचण अशी की तो या शिडीवर नेमका कुठे उभा आहे हे त्यालाच कळत नाही. वयाने बहुधा सगळ्यांत लहान, करार एकेका वर्षाचा, पण पाहुणा म्हणून सगळे सांभाळून घेतात. त्याला वाटतं की आपल्याला कुणी काही बोलत नाही, म्हणजे सगळं ठीक चाललंय.

प्रत्यक्षात बोलणी बसतात त्याच्या सहशिक्षिकेला. प्रत्येक परदेशी शिक्षकामागे एक कोरियन सहशिक्षक नेमलेला असतो, आणि हे जादा काम बऱ्याचदा कनिष्ठ शिक्षिकेच्या गळ्यात पडतं. बँकेत खातं उघडून देणं, परदेशी नागरिकाच्या नोंदणीपत्रासाठी सोबत जाणं, घराचा हीटर बिघडला तर फोन करणं, हे सगळं तिचं. परदेशी शिक्षकाने परस्पर उपमुख्याध्यापकांकडे, म्हणजे ‘ग्योगाम’कडे जाऊन रजा मागितली, की ग्योगाम त्याच्याशी हसून बोलतात आणि नंतर तिला बोलावून घेतात. याला तिकडे रजेचा आनंद आणि हिला इकडे बोलणी. तुम्ही ज्यांच्याशी बोललात त्यांना सहशिक्षिकेबद्दल जरूर विचारा. परदेशी शिक्षकांच्या गोष्टीत ती बाई फार क्वचित येते.

प्रतिसाद

‘रागरंग’ आवडला, पण एक शंका. रागरंग समोर असतो, तो बघायची वस्तू आहे. नुन्ची बघणाऱ्याच्या अंगात असते. ‘तिला रागरंग आहे’ असं म्हणता येत नाही. मग ‘नजर’ का नको? डोळाही आला.

प्रतिसाद (देजॉन)

शंका रास्त आहे. पण ‘तिला नजर आहे’ म्हटलं की मराठीत पारख येते, साडीची, चित्राची, सोन्याची. ‘नजर देणं’ म्हटलं तर लक्ष ठेवणं. कोरियनमध्ये नुन्ची ही दोन्हीकडची आहे, ती असतेही आणि बघितलीही जाते. मराठीत ही दोन कामं दोन शब्दांना वाटून द्यावी लागतील. असण्याला ‘पोच’ किंवा ‘जाण’, बघण्याला ‘रागरंग’.

प्रतिसाद (रांजणगाव)

मी इथल्या एका कोरियन कंपनीत दुभाष्याचं काम करतो. शॉपफ्लोअरवर ‘वातावरण बघून बोल’ असं सांगतो, सगळ्यांना लगेच कळतं.

प्रतिसाद (देजॉन)

दादा, बरोबर. फक्त वातावरणाला कोरियनमध्ये ‘पुनविगी’ हा वेगळा शब्द आहे, आणि ‘पुनविगी फाआक’ म्हणजे वातावरणाचा अंदाज घेणं हेही नेहमीचं बोलणं आहे. तो खोलीचा झाला. नुन्ची माणसाची. व्यवहारात दोन्ही एकाच वेळी लागतात, हे खरं.

मूळ प्रश्नकर्ती

खूपच उपयोगी. सहशिक्षिकेचा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता, आता पुन्हा बोलून घेते. एखादं नेमकं उदाहरण मिळेल का, वाचकाला ऐकू येईल असं?

प्रतिसाद (देजॉन)

हे घ्या. परदेशी शिक्षक विचारतो, पुढच्या शुक्रवारी रजा मिळेल का? सहशिक्षिका म्हणते, ‘छिगुमुन छोम…’ आणि थांबते. ‘छिगुमुन’ म्हणजे आत्ता, ‘छोम’ म्हणजे जरा. ‘आत्ता जरा…’ एवढंच. इंग्रजी बोलणारा माणूस पुढच्या शब्दांची वाट बघत उभा राहतो. मराठी माणूस वाट बघणार नाही, कारण आपणही नकार असाच देतो. ‘आत्ता जरा…’ म्हटलं की विषय संपला. तसंच ‘सेंगाखे बोल्केयो’. शब्दशः ‘विचार करून बघते’, आणि प्रत्यक्षात आपलं ‘बघू’. ‘बघू’ म्हणजे काय हे आपल्याकडच्या पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. लेखात तुमच्या आयरिश शिक्षकाच्या तोंडी हा प्रसंग आला तर त्याचं मराठी ‘आत्ता जरा…’ असंच ठेवा, टिंबांसकट.

दुसरं उदाहरण घरी जाण्याचं. सरकारी शाळांत इंग्रजी शिक्षक पाठवणारी ‘एपिक’ ही योजना १९९५ साली सुरू झाली. तिच्या करारात आठवड्याला २२ तास शिकवणं आणि रोज ८ तास शाळेत असणं धरलेलं असतं. वेळ संपली की करारानुसार निघता येतं, आणि निघायला हरकतही नसते. पण न बोलता बॅग उचलून निघायचं नसतं. ‘मॉन्जॉ तुरॉगा बोगेस्सुम्निदा’ म्हणायचं. अर्थ, ‘मी आधी निघते’. बसलेले लोक ‘सुगोहास्यॉस्सुम्निदा’ म्हणतात, म्हणजे तुम्ही कष्ट घेतलेत. आपण ‘येते हं’ म्हणून उंबरा ओलांडतो, त्याच जातीचं हे आहे. मराठीत ‘जाते’ म्हणत नाहीत हे जिला लहानपणापासून ठाऊक आहे, तिला यात शिकायला फारसं काही नाही.

सुट्टीतही वर्ग नसताना परदेशी शिक्षकाला रिकाम्या शिक्षकखोलीत येऊन बसावं लागतं. त्यांच्या आपापसातल्या इंग्रजीत त्याला टेबल गरम करणं म्हणतात. मराठीत खुर्ची उबवणं आयतंच आहे, तेच वापरा.

प्रतिसाद

कोरियन मुलं शिक्षकांना काय म्हणतात? मालिकांत ‘स्सेम’ ऐकू येतं.

प्रतिसाद (देजॉन)

पूर्ण शब्द ‘सॉनसेङनिम’. ‘सॉनसेङ’ म्हणजे मुळात आधी जन्मलेला, जपानी ‘सेन्सेई’ही त्याच दोन चिनी अक्षरांचा. ‘निम’ हे आदराचं, आपल्या ‘गुरुजी’तल्या ‘जी’सारखं. घाईत म्हणताना त्याचं ‘स्सेम’ झालं. लाडकं आहे, पण अनादराचं नाही. ‘निम’ गाळून नुसतं ‘सॉनसेङ’ म्हणणं मात्र मुलांच्या तोंडी उद्धट वाटेल.

परदेशी शिक्षकाला मुलं मारे ‘टीचर! टीचर!’ अशी हाक मारतात. इंग्रजीत कुणी शिक्षकाला अशी हाक मारत नाही, म्हणून सुरुवातीला ती त्यांना खटकते, आपल्याला नाव नाही असं वाटतं. पण मुलाने मनातल्या मनात ‘सॉनसेङनिम’ म्हटलेलं असतं, फक्त ते इंग्रजीत उच्चारलेलं असतं. ‘बाई!’ किंवा ‘सर!’ ऐकत वाढलेल्या आपल्या शिक्षिकेला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

खरा खटकावा असा शब्द वेगळा आहे, ‘वॉनॉमिन’. मूळभाषक, म्हणजे ज्याची ती जन्माची भाषा. शाळेत तो हळूहळू पदाचंच नाव होतो. ‘आमचा वॉनॉमिन आज आजारी आहे.’ आणि हे वॉनॉमिनपण पासपोर्टवर ठरतं. इंग्रजी शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा एरवी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांपुरता आहे. भारतीयांसाठी वाट निघाली ती १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारातून. तीही सहायक शिक्षकाची, आणि शिक्षकपदाची पात्रता असेल तरच. म्हणजे या ७ देशांतल्या माणसाला कुठल्याही विषयाची पदवी पुरू शकते आणि आपल्या बीएड झालेल्या, वर्गावर उभं राहिलेल्या बाईला ‘सहायक’ म्हणतात. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते इथेही बोलून दाखवते. लेखात ‘वॉनॉमिन’चं भाषांतर ‘परदेशी शिक्षक’ करू नका. ‘मूळभाषक’च ठेवा, म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर हे वाचकाला दिसेल.

प्रतिसाद

आणि ‘हुएशिक’? शाळेतले सगळे मिळून जेवायला जातात ते. ‘पार्टी’ लिहू का?

प्रतिसाद (देजॉन)

‘पार्टी’ नको, ती हक्काने टाळता येते. शब्दशः ‘सहभोजन’, कारण ‘हुए’ म्हणजे जमणं आणि ‘शिक’ म्हणजे जेवण. पण मराठीत सहभोजन म्हटलं की जातिभेद मोडण्यासाठी झालेल्या पंगती आठवतात आणि तो अर्थ हलका होऊ नये असं मला वाटतं. ‘ऑफिसचं जेवण’ पुरे. वरिष्ठांना दोन्ही हातांनी पेय ओतणं, त्यांच्यासमोर पिताना मान किंचित वळवणं, त्यांनी चमचा उचलल्यावर जेवू लागणं, हे सगळं तिथे एकाच टेबलावर बघायला मिळतं, आणि नुन्चीची परीक्षाही तिथेच होते. शाकाहारी असाल तर आणखी एक पेपर. डुकराचं मांस समोर भाजलं जात असतं ते निदान दिसतं. न दिसणारं म्हणजे सूपमधलं सुकट मासळीचं पाणी आणि किमचीतली खारवलेली कोळंबी.

यावरून म्हण आठवली. ‘नुन्ची जलद असेल तर मठात गेल्यावरही खारवलेली कोळंबी खायला मिळते.’ बौद्ध मठात मांसमासळी वर्ज्य, तिथेही! आणि उलट बाजूला ‘नुन्चिबाप’ असा शब्द आहे. ‘बाप’ म्हणजे भात. दुसऱ्याच्या घरी, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघत गिळलेला घास. याला मराठी ‘मिंधेपणाचं अन्न’ किंवा ‘उपकाराचा घास’. कुणी परक्या देशात एकट्या पडलेल्या शिक्षकाबद्दल हा शब्द वापरला असेल तर ते वाक्य लेखात नक्की घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

दक्षिण आफ्रिकेच्या शिक्षिकेने वापरलाय! ‘उपकाराचा घास’ घेते. एक शेवटचं. शिक्षकदिनाला मुलांनी आणलेली कॉफी परत करताना ती जे म्हणाली ते ‘मी फक्त मन घेते’ असं लिहिलंय. विचित्र वाटतंय.

प्रतिसाद (देजॉन)

‘माउममान पादुल्केयो.’ १५ मेच्या शिक्षकदिनाला हे हमखास ऐकू येतं. २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या लाचप्रतिबंधक कायद्यामुळे वर्गातल्या मुलाकडून कॉफीचा डबाही घेता येत नाही, म्हणून नकार असा गोड करून द्यावा लागतो. मराठीत ‘भावना पोचल्या’ म्हणा. शाळेतल्या मुलाशी बोलताना ‘तू आणलंस यातच सगळं आलं’ हे जास्त शोभेल.

प्रतिसाद (रांजणगाव)

लिहायचं कसं, नुंची की नुन्ची?

प्रतिसाद (देजॉन)

अनुस्वार दिला तरी आपण च-आधी तसाच उच्चार करणार, त्यामुळे दोन्ही चालतील. पण ‘नुन’ म्हणजे डोळा हे लेखात सांगणार असाल तर ‘नुन्ची’ लिहा, न वेगळा दिसतो. पहिल्या वेळी अवतरणचिन्हात, नंतर साधं. आणि स्त्रीलिंगीच ठेवा. ‘नुन्ची आली’ असं तुमच्या पहिल्या परिच्छेदात आपोआप आलंच आहे.